नातवाच्या गोगलगायी

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. वरून गरीब दिसणारे आणि आतून भलतेच निघालेले एखादे माणूस भेटले की ती हमखास तोंडात येते. खऱ्या गोगलगायीकडे मात्र आपण दोन मिनिटे थांबून पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. लग्न होऊन या गावात आल्यापासून ओढ्यावर जाणे-येणे चालू आहे. पायाखाली गोगलगायी किती आल्या असतील याची गणतीच नाही. पाहिले ते नातवामुळे. आणि पाहता पाहता माझ्याच पोटातले पाय मला दिसले. तीच हकिगत आज तुम्हाला सांगते.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यातले, द्राक्षांचे. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. नातू तेव्हा तिसरीत होता. शाळेतून येताना त्याने डब्याच्या झाकणात चार गोगलगायी आणल्या. सुपारीएवढ्या, हिरवट-तपकिरी, कवचावर गडद पट्टे असलेल्या. "आजी, या पाळायच्या," म्हणाला. मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी धुऊन दिली. अंगणात बादली पडली होती, ती दोनदा विसळली, विहिरीचे पाणी भरले आणि बरणीत ओतले. पाणी कसे, अगदी आरशासारखे!

सकाळी पाहतो तो चौघीही कवचाची झाकणे घट्ट मिटून तळाशी पडलेल्या. दुसऱ्या दिवशी वास सुटला. पोर हिरमुसले, पण पुन्हा जाऊन सहा घेऊन आले. पुन्हा तीच बरणी, तीच बादली, तेच पाणी. त्याही गेल्या. आता पोराने मला विचारले, "आजी, पाण्यानं कुणी मरतं का?" मी घाईत होते. भाकरी तव्यावर होती. म्हणून गेले, "तू सारखा हात लावतोस त्यांना, म्हणून मेल्या."

वाचकहो, ते पोर चार दिवस हात पाठीमागे घेऊन फिरत होते. गोठ्यातले वासरू त्याचे लाडके, त्यालासुद्धा हात लावेना. मला वाटले, बरे झाले, शहाणा झाला.

त्याच आठवड्यात पशुवैद्य जनावरांना लाळ-खुरकूतची लस टोचायला आले. ओट्यावरची बरणी त्यांनी पाहिली, हकिगत ऐकली आणि एवढेच विचारले, "पाणी कोणत्या बादलीतलं?" मी दाखवली. त्यांनी काठाच्या आतल्या बाजूने नख फिरवले. नखाला निळसर पापुद्रा लागला. "आजी, हे मोरचूद आहे," म्हणाले.

द्राक्षवाल्यांना सांगायला नको. पावसाळ्यात डावणी येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण मारतात. एक टक्क्याचे करायचे तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. आमच्याकडे मोरचूद भिजवायची बादली तीच. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. आपल्याला जे तांबे सोसते ते गोगलगायीला सोसत नाही. डोळ्यांना दिसणार नाही, जिभेला कळणार नाही इतके पाण्यात उतरले तरी ती मरते. इतकेच काय, तळ्यातल्या गोगलगायी मारायच्या तर औषध म्हणून मोरचूदच वापरत आले आहेत. मी तेच बरणीत भरून दिले होते, आणि आळ घातला होता आठ वर्षांच्या पोराच्या हातावर.

कळले, पण तोंडातून शब्द निघेना. मोठ्या माणसाला लहानापुढे चूक कबूल करणे किती जड जाते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री अंथरुणावर त्याचा हात हातात घेतला आणि म्हटले, "तुझ्या हातानं नाही मेल्या रे. माझ्या बादलीनं मेल्या." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण आजी, बाबा तर पंप ओढ्यातच धुतात. मग तिथल्यांचं काय?"

त्या प्रश्नाकडे शेवटी येते. आधी तिसऱ्या खेपेला आम्ही काय केले ते सांगते. तुमच्याही घरात एखादे पोर डब्याच्या झाकणात गोगलगायी घेऊन येईल, तेव्हा उपयोगी पडेल.

बरणी लहान पडते. थोड्या पाण्यात घाण लवकर साठते आणि पाणी लवकर तापते. आम्ही तालुक्याच्या गावाहून काचेची पेटी आणली, दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिच्यात चोपन्न लिटरच्या आसपास पाणी मावते. वाळूसकट भरल्यावर तिचे वजन साठ-सत्तर किलोवर जाते, म्हणून ती फडताळावर ठेवू नये. भक्कम, सपाट ओट्यावर, खाली थर्माकोल घालून ठेवावी. एकदा भरलेली पेटी हलवू नये, काच तडकते. उन्हाच्या तिरिपीत ठेवली तर पाणी हिरवे होते आणि उन्हाळ्यात तापते, म्हणून घरातला उजेडाचा पण सावलीचा कोपरा निवडावा. आधी अंगणातच पाणी भरून एक दिवस ठेवावी, म्हणजे गळत असेल तर कळते. साबण, सोडा, भांड्यांची पावडर काही लावू नये. साधे पाणी आणि नवे फडके पुरे.

तळाला दीड-दोन बोटे जाडसर वाळू लागते. आम्हाला दहा-अकरा किलो लागली. ती तांदूळ धुतो तशी धुवायची, वरचे पाणी निवळ येईपर्यंत. आम्हाला चौदा पाणी लागले. मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडले, म्हणजे वाळू उसळत नाही. पेटी काठोकाठ भरू नये. वर दोन-तीन बोटे जागा ठेवावी आणि जाळीचे झाकण घालावे, कारण गोगलगाय काचेवरून चढून रात्री बाहेर पडते आणि सकाळी चुलीपाशी सापडते.

पाण्याचे म्हणाल तर ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, ते गोगलगायीला चांगले. जड पाण्यात चुन्याचा अंश असतो आणि तिचे कवच चुन्याचेच असते. पावसाचे हलके पाणी नुसते वापरले तर कवच झिजते, त्यावर पांढरे चट्टे पडतात. अशा वेळी अंड्याची टरफले उकळून, चुरून टाकावीत किंवा समुद्रफेणाचा तुकडा ठेवावा. नळाच्या पाण्यात औषध असेल तर ते पसरट भांड्यात एक दिवस-रात्र उघडे ठेवून मग वापरावे. तांब्याच्या हंड्यातले पाणी मात्र कधीही घालू नये. ते आपल्याला प्यायला असू दे.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. ती म्हणजे थांबणे. पोराला त्याच संध्याकाळी गोगलगायी हव्या होत्या. पण नवे पाणी कच्चे असते. गोगलगायीच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो तिला विषासारखा असतो. एका जातीचे सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पाणवनस्पती खातात. हे ऐकून माझा मुलगा म्हणाला, "अगं, हे तर आपल्या शेतातलंच!" खरेच आहे. आपण पिकाला युरिया टाकतो, त्याचा आधी अमोनिया होतो आणि मातीतले असलेच जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. शेत जुने असते, त्यात हे जिवाणू नांदत असतात. काचेची पेटी म्हणजे नवीन मोडलेले रान. जिवाणूंना वस्ती करायला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. तोवर पेटीत फक्त पाणवनस्पती ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी चिमूटभर अन्न टाकायचे, म्हणजे जिवाणूंनाही खायला मिळते. आम्ही हायड्रिला लावली. ओढ्यात, कालव्यात ती आपोआप वाढते. भिंतीवर रोज एक रेघ ओढत पोराने अठ्ठावीस रेघा ओढल्या.

मग आम्ही दोघे ओढ्यावर गेलो. कोणती गोगलगाय आणायची हेही पशुवैद्यांनी शिकवले होते, आणि गुरे-शेळ्या असलेल्या प्रत्येक घराने ते लक्षात ठेवावे असे आहे.

पाण्यातल्या काही गोगलगायींना कवचाच्या तोंडाशी नखासारखे झाकण असते. धोका दिसला की त्या आत शिरून झाकण लावून घेतात. काहींना असे झाकण नसते. त्यांचे कवच पातळ असते. जनावरांच्या यकृतात चपटे कृमी होतात, त्यांना आसरा देणाऱ्या गोगलगायी या बिनझाकणाच्या जातींतल्या. कृमी झालेल्या जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात जातात. पिल्लू बाहेर पडून गोगलगायीच्या अंगात शिरते, तिथे त्याची एकाची अनेक होतात. काही आठवड्यांनी ती बाहेर येऊन पाण्याकाठच्या गवताला चिकटून बसतात. ते गवत जनावराने खाल्ले की फेरा पुरा झाला. जनावर वाळते, दूध आटते, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज येते. इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट या दोघा संशोधकांनी हा फेरा १८८०नंतरच्या दोन-तीन वर्षांत शोधून काढला. आपल्या गोठ्यात तो अजून चालूच आहे. सूज दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. शेण तपासून घ्या, पशुवैद्यांकडून औषध द्या आणि पाणथळ काठावर चरायला सोडण्याऐवजी हौदावर पाणी पाजा.

माणसांनाही गोगलगायीवाटे कृमी होऊ शकतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी असे रुग्ण आढळल्याची नोंद १९५२ साली झाली. तेव्हा भिऊन जाऊ नका, पण ओढ्यातली गोगलगाय हाताळल्यावर आणि पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुवायचे, ही शिस्त पोरांना लावाच. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालायचाच नाही.

तर आम्ही झाकणवाल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या सहा गोगलगायी आणल्या. एवढ्या पेटीला सहा पुरेत. पाणवनस्पती आणतानाही जपावे लागते. तिच्या पानांमागे चिकट, काचेसारखी लांबट पट्टी दिसली तर ती बिनझाकणाच्या गोगलगायीची अंडी असतात. वनस्पती निवळ पाण्यात आठ-दहा दिवस वेगळी ठेवावी, पट्ट्या काढून टाकाव्यात.

खायला त्या काचेवरचे शेवाळ आणि तळाचा गाळ खरवडत असतातच. वर काकडीची चकती, दुधीची साल, उकळून थंड केलेले पालकाचे पान द्यावे. भाजी परसातली, फवारा न मारलेली असावी. बाजारची असेल तर चांगली धुऊन, साल काढून द्यावी. रात्री दिलेले सकाळी उरले तर काढून टाकावे. पोटापेक्षा जास्त खाऊ घालणे ही आपली माया असते, पण पाणी त्यानेच नासते. आठवड्यातून एकदा पेटीतले पावभाग पाणी काढून तेवढेच मुरवलेले पाणी घालावे. काढलेले पाणी फुलझाडांना घालावे. चाऱ्याच्या गवतावर किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नये. सगळ्या गोगलगायी एकदम वरच्या काठाशी गोळा झाल्या तर पाणी बिघडले असे समजावे आणि लगेच थोडे बदलावे. एखादी दोन दिवस हलली नाही तर बाहेर काढून वास घ्यावा. मेलेली असेल तर नाकाला लगेच कळते, आणि ती पेटीत राहू देता कामा नये.

एवढे केल्यावर पाहायला काय मिळते ते सांगते. गोगलगाय काचेवर चढली की तिचे पाऊल खालून दिसते. त्यावरून लाटांमागून लाटा जाताना दिसतात, वाऱ्यावर गव्हाचे शेत हलावे तशा. तोंड उघडमीट करत ती शेवाळ खरवडते, आणि मागे नांगरटीसारखी रेघ राहते. या पट्टेवाल्या जातीत नर-मादी वेगळे असतात. नराचे उजवे शिंग आखूड आणि जाड असते. मादी अंडी घालत नाही, तिच्या पोटातून कवचासकट पिल्ले जन्मतात. एका सकाळी वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढी सात पिल्ले फिरत होती. आमची सून तेव्हा दिवसांत होती. तिने पोळ्या लाटायचे सोडून पाऊण तास पेटीपुढे घालवला. मी काही बोलले नाही.

भाताच्या मुलखात राहणाऱ्यांना मोठी गोल गोगलगाय ठाऊक असेल, लिंबाएवढी आणि त्याहूनही मोठी. शाळेच्या पुस्तकात तिला पायला म्हणतात. तिला पाण्यात श्वास घ्यायला कल्ले आहेत आणि हवेत घ्यायला फुप्फुसही. पाण्यातच राहून ती मानेची नळी वर काढून हवा घेते. उन्हाळ्यात खाचर सुकले की चिखलात शिरून, झाकण लावून पावसाची वाट पाहत निजते. पण ती पाणवनस्पती फस्त करते, म्हणून आमच्यासारख्या नवख्याने लहान पेटीत तिच्या वाटेला जाऊ नये.

एक सांगणे हात जोडून. शहरातल्या दुकानांत पिवळ्या, सोनेरी, परदेशी गोगलगायी विकत मिळतात. दिसायला सुरेख असतात. पण कंटाळा आला म्हणून त्या ओढ्यात, विहिरीत, कालव्यात सोडू नका. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने हौसेने आणलेली आफ्रिकी गोगलगाय कलकत्त्याच्या एका बागेत सुटली. तिचा वंश देशभर पसरला. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात खाल्ली, ते आपल्यातले कितीतरी जण विसरले नसतील. १९८०च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय तैवानात खाण्यासाठी नेली. ती शेतात सुटली आणि पूर्वेकडच्या देशांत भाताचा वैरी होऊन बसली. एकाची हौस आणि गावाचा घोर, असे व्हायला नको. पाळायच्या तर आपल्याच ओढ्यातल्या पाळाव्यात, आणि नको झाल्या तर आणल्या त्याच जागी सोडाव्यात.

आता पोराचा प्रश्न. 'ओढ्यातल्यांचं काय?'

मी दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर ओढ्यावर गेले. आमचा धुण्याचा खडक आहे, तिथेच वर्षानुवर्षे पंप, नळ्या, बादल्या धुतल्या जातात. पोर म्हणाले, "आजी, मी गोगलगायी वरच्या अंगाला धरल्या. खाली नसतातच." आम्ही खडकाच्या खाली पन्नास पावले शोधले. एकही नव्हती. मला आठवले, मी नवी सून होते तेव्हा याच खडकाखाली धुणे धुताना त्या पायाला लागत. आणि त्याच्याही खाली गावची जनावरे पाणी पितात.

घरी येऊन मुलाला सांगितले. तो आधी चिडला. "सगळेच धुतात," म्हणाला. मी म्हटले, "सगळे धुतात ते दिसत नाही म्हणून. आपल्या पोराला दिसलं." तो उठून गेला. पण दोन दिवसांनी त्याने फवारणीच्या बादल्यांना बाहेरून लाल रंग लावला, त्या घरच्या कामाला घ्यायच्या नाहीत असे ठरले. आता पंप विसळलेले पाणी पुन्हा पंपातच घेऊन बागेच्या कडेच्या ओळींवर मारतो. राहिलेसाहिलेले विहीर आणि ओढ्यापासून दूर खणलेल्या खड्ड्यात जाते. यात खर्च काही नाही, चार पावले जास्त चालावी लागतात एवढेच. शेजारच्या दोन घरांनीही तसे सुरू केले आहे. बाकीचे हसतात.

यंदाच्या श्रावणात खडकाखाली पोराला चार गोगलगायी दिसल्या. धावत येऊन त्याने मला ओढत नेले. त्या पुराच्या लोंढ्याबरोबर वरून आल्या असतील, असे मुलगा म्हणतो. असेलही. पण आल्या आणि जगल्या, एवढे मला पुरे आहे.

पोराने त्या उचलल्या नाहीत. आधी वाकून पाहिले, मग एकीच्या कवचावर हळूच बोट ठेवले. तिने झाकण लावून घेतले. आम्ही दोघे पाण्यात उभे राहिलो, ती पुन्हा बाहेर येईपर्यंत.